खाऱ्या हवेत बंदूक जपायची तर

गणपतीच्या आदल्या आठवड्यात मी वडिलांची एकनळी बाराबोर कपाटातून बाहेर काढली, तेव्हा नळीवर कापडाची वीण उमटलेली होती. तांबूस, बोटाला खरखरीत लागणारी, अगदी आडवे-उभे धागे मोजता येतील इतकी स्पष्ट. जूनमध्ये पहिल्या पावसाआधी मी तिला भरपूर तेल लावलं होतं, जुन्या सुती धोतरात गुंडाळलं होतं आणि वर रेक्झिनचं कव्हर चढवलं होतं. नळीखालचं पुढचं लाकूड उतरवलं तर आत आणखी वाईट अवस्था. वडिलांनी त्या बंदुकीला तीस वर्षं डाग पडू दिला नव्हता आणि माझ्या हातात ती एका पावसाळ्यात डागळली. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

आपल्याकडे रत्नागिरी-सिंधुदुर्गात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरच्या बंदुका बऱ्याच घरांत आहेत. वडील थकले किंवा गेले की परवाना मुलाच्या किंवा मुलीच्या नावावर होतो आणि ज्यांनी कधी गज, म्हणजे नळीत घालायची लांब सळई, हातात धरला नाही त्यांच्याकडे चाळीस-पन्नास वर्षांची जुनी वस्तू येते. त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. माझं घर खाडीपासून हाकेच्या अंतरावर आहे, त्यामुळे लिहिलेलं सगळं खाऱ्या हवेतलं आहे. घाटाखालच्या गावांत मीठ कमी असेल, पण ओल तितकीच.

सगळ्यात आधी नळी रिकामी आहे का ते पाहा

पुसायला घेतलेली बंदूक भरलेली निघाली, असं होऊ शकतं. काडतुसाची बंदूक असेल तर तोंड सुरक्षित दिशेला ठेवून नळी उघडा, डोळ्यांनी बघा, बोट घालून चाचपा. काडतुसं त्या खोलीतच नकोत.

ठासणीच्या, म्हणजे तोंडातून दारू-छरे ठासून भरायच्या बंदुकीत हे इतकं सोपं नाही, कारण आत भरलेला बार बाहेरून दिसत नाही. तोंड स्वतःपासून आणि माणसांपासून दूर ठेवून आधी केप, म्हणजे ठिणगी देणारी छोटी टोपी, काढा. मग गज नळीत हलकेच, न ठोकता, तळापर्यंत सोडा आणि तोंडाशी गजावर खूण करा. गज बाहेर काढून, खूण तोंडाशी जुळवून, नळीच्या अंगाला बाहेरून लावून पाहा. तो नळीच्या मागच्या टोकाच्या जवळपास पोचला तर नळी रिकामी. अलीकडेच थांबत असेल, किंवा शंका वाटली, तर आत बार आहे असंच धरा. तो उकरून काढायच्या भानगडीत पडू नका, पाणी ओतू नका, परवानाधारक दुरुस्तीवाल्याला बोलवा. पूर्वी बार भरून दाराआड बंदूक उभी करून ठेवायची सवय काही घरांत होती. अशी बंदूक वारशाने आली असेल तर ही तपासणी आधी, बाकी सगळं नंतर.

गंज पावसाने धरत नाही, मिठाने धरतो

पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं हे आपल्या प्रत्येक स्वयंपाकघराला माहीत आहे. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतः विरघळायला लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षारही असतात, ते त्याहून कितीतरी कोरड्या हवेतही ओले राहतात. जुलै-ऑगस्टमध्ये किनाऱ्यावर आर्द्रता कित्येक दिवस ८५-९०च्या खाली येत नाही. म्हणजे नळीवर मिठाचा कण असेल तर तो कण तीन महिने सतत ओला राहतो आणि त्याखाली लोखंड गंजत राहतं. वरून तेल लावलं तरी मीठ तेलात विरघळत नाही. ते तेलाखाली तसंच बसून राहतं.

हे मीठ कुठून येतं? दुपारनंतर समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यातून येतं, आणि त्याहून जास्त आपल्या हातांतून येतं. मे महिन्यात घामेजल्या हातांनी बंदूक धरली, बागेत वानर हाकायला फिरलो आणि घरी येऊन ती तशीच ठेवली, की बोटांचे ठसे पावसाळ्यात गंजाच्या ठशांत बदलतात. माझ्या वडिलांचं एकच सांगणं असे, "आधी पूस, मगे तेल." तेव्हा मला ती नुसती टापटिपीची सवय वाटायची.

साफ लोखंड ६० टक्क्यांच्या वरच्या आर्द्रतेत हळूहळू गंजायला लागतं. म्हणून आपलं लक्ष्य ५०च्या आसपास. पार ४०च्या खाली न्यायची गरज नाही, कारण दस्ता, म्हणजे खांद्याला लावायचं मागचं लाकूड, फार सुकला तर तडकतो.

जागा निवडताना भिंतीकडे बघा

कपाट कुठल्या भिंतीला टेकलं आहे यावर निम्मं काम अवलंबून असतं. आपला पाऊस नैऋत्येकडून येतो. चिऱ्याच्या घराची पश्चिम आणि दक्षिण बाजूची भिंत झडीने जून ते सप्टेंबर भिजत राहते, आणि जांभा पाणी पितो. पाऊस थांबला तरी ऑक्टोबरभर ती भिंत ओल सोडत असते. त्या भिंतीला टेकवलेल्या लोखंडी कपाटाच्या मागच्या पत्र्यावर आतून दव धरतं.

कपाट घराच्या मधल्या भिंतीला ठेवा, आणि तिथेही मागे चार बोटं जागा सोडा. खाली लाकडी ठोकळे घालून जमिनीपासून वीतभर उचला. जमीन शेणाची किंवा जुन्या कोब्याची असेल तर हे नक्कीच करा. जुन्या घरांत बंदूक माजघरात, चुलीच्या आतल्या अंगाच्या भिंतीवर खुंटीला असे. त्यामागे शहाणपण होतं, ती भिंत वर्षभर ऊबदार असायची. पण आज बंदूक उघड्यावर टांगता येत नाही. शस्त्र कुलपात, मुलांच्या आणि परक्यांच्या हाताबाहेर ठेवणं ही परवानाधारकाची जबाबदारी आहे. तेव्हा खुंटी नको, पण भिंत तीच निवडा.

एक डिजिटल आर्द्रतामापक घ्या. छोटा असतो, बॅटरीवर चालतो, कपाटात ठेवता येतो. स्वस्त मापक पाच-सात टक्के इकडेतिकडे दाखवतात, म्हणून घरीच तपासून घ्या. बाटलीच्या झाकणात बारीक शुद्ध मीठ घेऊन त्यात पाण्याचे थेंब टाकून ओलसर चिखल करा, ते झाकण आणि मापक एका घट्ट डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी ७५ दाखवायला हवं. ७० दाखवत असेल तर तुमच्या मापकात पाच मिळवत जा. यासाठी मिठागरातलं खडे मीठ वापरू नका, वर सांगितलेल्या क्षारांमुळे आकडा कमी येतो.

धुणं आणि वाळवणं

लोखंडाला पाणी लावायचं म्हटल्यावर नवख्याला धडकी भरते. पण मीठ आणि ठासणीत भरायच्या काळ्या दारूची राख या दोन्ही गोष्टी तेलाने निघत नाहीत, पाण्यानेच निघतात. काळी दारू जळल्यावर नळीत पोटॅशियमचे क्षार उरतात आणि ते हवेतली ओल झपाट्याने ओढतात. पावसाळ्यात ठासणीची बंदूक बार उडवून रात्रभर तशीच ठेवली तर सकाळी नळीच्या तोंडाशी तांबडं दिसू शकतं. त्याच दिवशी धुवायची.

रीत साधी आहे. नळी दस्त्यापासून सुटी करता येत असेल तर करा. येत नसेल तर पाणी लाकडात आणि घोड्याच्या (चाप ओढला की आपटतो त्या भागाच्या) यंत्रात जाणार नाही असं तिरकं धरा. बादलीत चांगलं गरम पाणी आणि थोडा भांड्यांचा साबण. गजाला चिंधी बांधून नळीतून पाणी खालीवर ओढा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. मग साबणाशिवाय नुसत्या कढत पाण्याने दोनदा खळबळा. कढत पाण्याचा फायदा असा की नळीच तापते आणि उरलेलं पाणी स्वतःहून उडून जातं.

इथे किनाऱ्यावरच्या लोकांनी एक गोष्ट जरूर पाहावी. पाणी मचूळ नाही ना? खाडीलगतच्या विहिरी आणि बोअरवेल मे महिन्यात मचूळ होतात. त्या पाण्याने धुणं म्हणजे स्वतःच्या हाताने मीठ चोळणं. जिभेला गोडं लागेल असंच पाणी घ्या.

काडतुसाच्या बंदुकीला एवढं धुणं लागत नाही. बंदुकीसाठी मिळणाऱ्या क्लीनरमध्ये भिजवलेली चिंधी, मग पितळी किंवा नायलॉनचा ब्रश, मग कोरड्या चिंध्या, शेवटची चिंधी पांढरी निघेपर्यंत. बाहेरून मात्र गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने एकदा पुसाच, घामाचं मीठ तसंच निघतं.

आता वाळवणं, आणि इथे घाई करू नये. कोरडं फडकं, मग केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा नळीत, सांध्यांत, घोड्याच्या बुडाशी. चुलीवर किंवा गॅसवर धरून वाळवू नका. नळी हाताला कोमट लागली पाहिजे आणि खोलीच्या तपमानाला आल्यावरच तेल लावायचं. जिथे लोखंड लाकडात बसतं, जिथे स्क्रू आहेत, नेम धरायची पितळी माशी नळीला जिथे जोडली आहे, दुनळीत दोन नळ्यांच्या मधली पट्टी, या जागा सर्वात उशिरा सुकतात आणि गंज तिथूनच सुरू होतो.

तेल: थोडं आणि योग्य

कोकणात लोखंड दिसलं की हात खोबरेल तेलाकडे जातो. विळी, कोयता, कुलूप, सगळ्याला तेच. कोयत्याला चालतं, कारण तो रोज वापरात असतो. बंदुकीला चालत नाही. खोबरेल खवट होतं, त्यातली आम्लं लोखंडाला खातात. थंडीत ते थिजतं आणि जुनं झालं की चापाच्या यंत्रात चिकट थर धरतं. खाण्याचं कुठलंच तेल नको. लाकडाला वाळवी लागू नये म्हणून आपण जळकं ऑईल फासतो, तेही इथे नको. त्यात इंजिनातली काजळी आणि आम्लं असतात.

बंदुकीसाठीचं खनिज तेल घ्या. अडीअडचणीला शिलाई मशीनचं तेल चालतं, पण ते पातळ असल्याने ओघळून जातं, आठ-दहा दिवसांनी पुन्हा लावावं लागतं. डब्ल्यूडी-४० मूळचं पाणी हटवण्यासाठी बनवलेलं आहे. भिजलेल्या बंदुकीतलं पाणी काढायला उत्तम, तीन महिन्यांच्या साठवणुकीला अपुरं.

फडक्यावर चार-पाच थेंब घ्या, फडकं चुरगळून तेल सगळीकडे पसरवा आणि त्या फडक्याने पुसून घ्या. बोट फिरवलं तर तुळतुळीत लागावं, ओघळ दिसू नये. जास्त तेल नळीतून खाली उतरून दस्त्याच्या मानेत मुरतं आणि तिथलं लाकूड मऊ पडतं. म्हणून तेल लावल्यावर पहिले दोन दिवस बंदूक नळीचं तोंड खाली करून ठेवावी, खाली जाड कागदाची घडी ठेवून. दस्त्याला वर्षातून एकदा, एप्रिलमध्ये, जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात द्या आणि पूर्ण सुकू द्या. पुढच्या लाकडाची आतली, न दिसणारी बाजू विसरू नका. ओल लाकूड तिथूनच पितं.

सहा-सहा महिने मुंबईला राहणारे लोक नळीत ग्रीस भरून जातात. त्यात धोका आहे. ग्रीस न काढता बार उडवला तर नळी फुटू शकते. ग्रीस लावलंच तर चापाच्या कड्याला चिठ्ठी बांधा, "नळीत ग्रीस आहे" अशी, मोठ्या अक्षरांत.

कपाटातली हवा

माझी मूळ चूक कव्हराची होती. कापड, रेक्झिन, चामडं, आतून फोम लावलेली पेटी, हे सगळं ओल धरून ठेवतं आणि ती लोखंडाला चिकटवून ठेवतं. चामड्यात तर कमावताना वापरलेले क्षार असतात. कव्हर फक्त नेण्या-आणण्यासाठी. कपाटात बंदूक उघडीच उभी राहू दे.

जुलैत २७ अंश तपमानाला आणि ९० टक्के आर्द्रतेला एका घनमीटर हवेत साधारण २३ ग्रॅम पाणी असतं. तुमचं कपाट पाव-अर्ध्या घनमीटरचं असेल, म्हणजे आतल्या हवेत जेमतेम दोन चमचे पाणी. ते शोषायला अर्धा किलो सिलिका जेल भरपूर झालं. मग लोकांचं सिलिका आठवड्यात का संपतं? कारण कपाटाच्या फटींतून नवी ओली हवा सतत येत राहते. म्हणून आधी फटी बुजवा. दाराच्या कडेला रबरी पट्टी, मागच्या भोकांना सिलिकॉन, वायर आत येते तिथेही. हे केलं की तेच अर्धा किलो तीन-चार आठवडे टिकतं, असा माझा अनुभव आहे.

निळे मणी ओले झाले की गुलाबी होतात, पण निळ्या रंगात कोबाल्ट असतं, ते विषारी आहे. नारिंगी मणी हिरवे होतात, ते घ्या. रंगापेक्षाही खात्रीचा उपाय म्हणजे वजन. कोरडं असताना स्वयंपाकघरातल्या काट्यावर पिशवीचं वजन लिहून ठेवा. ५०० ग्रॅमचे ६०० झाले की तापवायची वेळ झाली. मणी पिशवीतून काढून ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांना दोन-तीन तास, किंवा वेगळ्या ठेवलेल्या जुन्या कढईत अगदी मंद आचेवर ढवळत. आच मोठी झाली तर मणी तडतडून फुटतात.

दुकानात मिळणारे पाणी जमवणारे पांढऱ्या खड्यांचे डबे कपड्यांच्या कपाटाला ठीक आहेत, बंदुकीच्या नकोत. ते खडे बहुधा कॅल्शियम क्लोराईडचे असतात आणि डब्यात साचतं ते खारं पाणी. डबा लवंडला तर झालं.

वीज असेल तर सर्वात चांगला उपाय ऊब. पूर्वी कपाटात तळाशी पिवळा बल्ब लावत, आता एलईडीने ती ऊब मिळत नाही, आणि उघडा बल्ब लाकडाजवळ धोक्याचाच. कपाटासाठीच बनवलेली १०-२० वॅटची बंद हीटर दांडी मिळते, ती तळाशी लावा. हवा २७ वरून ३२ अंशांवर गेली तर पाणी तेवढंच राहूनही आर्द्रता ९० वरून साधारण ६७ वर येते. उरलेलं सिलिका करतं. दोन्ही ठेवा, कारण आपल्याकडे वीज पावसाळ्यात जायचीच. २०२० च्या निसर्ग वादळानंतर आणि २०२१ च्या तौक्तेनंतर कित्येक गावं दिवसेंदिवस अंधारात होती.

एसीच्या खोलीत कपाट असेल तर एक काळजी घ्या. गार झालेली बंदूक एकदम दमट पडवीत आणली की तिला घाम फुटतो, गार तांब्याला फुटतो तसाच. पंधरा-वीस मिनिटं थांबा, मग पुसा.

पाळी

मेच्या मध्यावर, मृगाच्या आधी, वरची सगळी क्रिया एकदा पूर्ण करा. या दिवसाला पर्याय नाही. त्यानंतर जून ते सप्टेंबर दर दहा दिवसांनी बंदूक बाहेर काढा, पुढचं लाकूड उतरवा, उजेडात बघा, तेलाचं फडकं फिरवा, ठेवा. पंधरा मिनिटांचं काम. कोरडा, उघडीप असलेला दिवस निवडा, म्हणजे कपाट उघडल्यावर ओली हवा कमी शिरेल. ऑक्टोबरच्या उन्हात पुन्हा एकदा मोठी साफसफाई. थंडीत महिन्यातून एकदा पुरे. आणि हात लावला की पुसायचं, मग तो हात पाहुण्याचा का असेना.

गंज दिसलाच तर

काळजात धस्स होतं, पण घाबरून चिंच, लिंबू, आगळ यांतलं काही हातात घेऊ नका. तांब्याची भांडी त्याने लखलखतात, कारण आम्ल वरचा थर खातं. बंदुकीचा निळा-काळा रंग हाही लोखंडाच्या ऑक्साईडचाच पातळ थर आहे आणि तो नळीचं रक्षण करतो. आम्ल तोही खातं. पॉलिश पेपर नको, राख नको.

तेल भरपूर लावून एक दिवस मुरू द्या. मग सर्वात बारीक, चार शून्यांचं स्टीलवूल तेलातच बुडवून अगदी हलक्या हाताने फिरवा, मध्येमध्ये पुसून बघत. वरवरचा तांबूस थर एवढ्याने निघतो. माझ्या नळीवरची वीण अशीच निघाली, दोन ठिकाणचे बारीक खड्डे सोडून. बाहेरचे खड्डे तेलाखाली जपता येतात. नळीच्या आत खड्डे दिसले, किंवा चाप-घोडा अडखळायला लागला, तर बार उडवू नका. परवानाधारक दुरुस्तीवाल्याला दाखवा. गावातला लोहार कितीही हुशार असला तरी शस्त्राच्या दुरुस्तीलाही परवाना लागतो, त्यामुळे त्याच्याकडे देणं हा दोघांसाठीही गुन्हा ठरू शकतो.

पुरात बुडालेली बंदूक चिखलासकट सुकू देऊ नका. गोड्या पाण्याने धुऊन, पाणी हटवणारं तेल मारून, तशीच दुरुस्तीवाल्याकडे न्या, आणि पोलिस ठाण्याला कळवा.

काडतुसं आणि ठाण्यातली ठेव

काडतुसं वेगळ्या कुलपात, घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिकाची छोटी पुडी घालून. हीटरच्या कपाटात नाही. त्यांना तेल लावू नका, तेल आतल्या टोपीत झिरपलं तर बार फुसका जातो. फुगलेलं किंवा पितळेवर हिरवा थर आलेलं काडतूस वापरू नका, घरी उघडूही नका. विकत घेतलं त्या दुकानदाराला विचारा.

निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा करण्याचा आदेश येऊ शकतो, कधी नेमका पावसाळ्यात. जमा करायच्या आदल्या दिवशी धुऊन-वाळवून घ्या आणि या वेळी तेलाचा हात नेहमीपेक्षा जाड द्या. उद्योगांत यंत्रांचे भाग गुंडाळायला व्हीसीआय कागद (गंज रोखणारी वाफ सोडणारा) वापरतात, तो मिळाला तर नळीभोवती एक वेढा. ठेवताना बंदुकीचा नंबर आणि स्थिती पावतीवर लिहून घ्या, फोटो काढून ठेवा. माझी एकदा अडीच महिन्यांनी परत आली, तेव्हा घोड्याच्या बुडाशी गंज होता आणि त्याबद्दल बोलायला माझ्याकडे कागदावर काहीच नव्हतं. परत आणलेली बंदूक त्याच संध्याकाळी उघडा, आधी नळी रिकामी आहे का ते पाहा, मग पुढचं लाकूड उतरवा.